रावणताड : समुद्राच्या तोंडावर टिकणारा आपला माड – बी, लागवड, अनुभव

आगरातला | १० जून २०२३

नमस्कार मंडळी. बिपरजॉय वादळ बाहेरून चाललंय, दर्या सकाळपासून खवळलेला आहे, पुळणीवर उभं राहवत नाही. घरात बसून बरेच दिवस मनात असलेला धागा काढतोय.

३ जूनला निसर्ग वादळाला तीन वर्षं झाली. आमचं आगर अलिबाग तालुक्यात, समुद्रापासून दीडशे पावलांवर. त्या दुपारी ६२ माडांपैकी २७ आडवे झाले. पोफळी मधूनच काडीसारख्या मोडल्या. वारा अडवायला म्हणून लावलेली सुरूची रांग मुळासकट उपटून कुंपणावर येऊन पडली. पाऊस ओसरल्यावर बाहेर आलो तेव्हा अंगणातून थेट समुद्र दिसत होता. जन्मात पहिल्यांदा. आई तिथेच पायरीवर बसली.

पुळणीच्या बाजूच्या कोपऱ्यात मात्र एक झाड उभं होतं. त्याचीही एक फांदी गेली होती, पानांच्या चिंध्या झाल्या होत्या, पण उरलेले पाच शेंडे जागच्या जागी. आजोबांच्याही आधीपासूनचा आमचा रावणताड.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ताडाच्या कुळातलं झाड, पंख्यासारखी करडट हिरवी पानं. पण ताड-माड सरळसोट वाढतात, तसं याचं नाही. याच्या खोडाला बेचकं फुटतं, दोन सारख्या फांद्या होतात, पुढे त्यांनाही बेचकं. प्रत्येक टोकाला स्वतंत्र शेंडा. इतकी डोकी म्हणून रावण. ओकामुंडेल असंही म्हणतात. शास्त्रीय नाव हायफीनी डायकोटोमा. आपल्या देशात गुजरातचा किनारा, दीव, दमण आणि आपलं उत्तर कोकण हा याचा मुलूख.

गावात माझ्या लहानपणी अशी सात झाडं होती. आज तीन आहेत. बाकीची बंगल्यांच्या भिंतींत, रस्ता रुंद करण्यात गेली. नवीन कुणी लावत नाही, कारण कलम नाही, उत्पन्न नाही, आणि वाढ अशी की लावणाऱ्याला बेचकं बघायला मिळेलच असं नाही. मला पुळणीच्या कडेने याची एक रांग लावायची आहे. दोनदा प्रयत्न करून फसलोय. पिशवीत बी रुजवलं, दोन्ही वेळा रोप जागेवर लावताना मेलं. कुणी यशस्वीपणे वाढवला असेल तर कृपया सविस्तर लिहा.

केळशीची_मुलगी | १० जून २०२३

वाचताना अंगावर काटा आला. आमच्याकडे पोफळी गेल्या त्या गेल्याच, पण त्यांच्या सावलीतली जायफळं आणि मिरीचे वेल नंतरच्या उन्हात करपले ते जास्त लागलं. जायफळाचं एक झाड बाबांच्या जन्माच्या वेळी लावलेलं होतं.

दादा, बी कुठे मिळेल? आमच्या वाडीची दर्याकडची बाजू अजून उघडीच आहे. नवे माड लावलेत, पण खारं वारं थेट लागून पात्यांची टोकं जळतात.

बापू_दर्यावर्दी | ११ जून २०२३

ओका! किती वर्षांनी नाव ऐकलं. आमच्या शाळेच्या वाटेवर एक होता. तपकिरी, ओबडधोबड फळं पडायची, मुठीत मावतील एवढी. वरची साल दातांनी सोलून आतला काथ्यासारखा गर चघळायचा, गोडसर लागतो, गुळाच्या ढेपेचा वास येतो. गिळायचं काही नाही, चघळून थुंकायचं. आतली बी दगडासारखी. आम्ही ती गोट्यांच्या खेळात नेम धरायला वापरत असू.

शेजारी दुसरा ओका होता त्याला कधीच फळ धरलं नाही. आजी म्हणायची तो नवरा आहे.

शेवाळ | ११ जून २०२३

बापूकाका, तुमच्या आजी अगदी बरोबर होत्या. रावणताडात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, ताडासारखीच. फळ फक्त मादीला, आणि तेही आसपास नर असेल तर. म्हणून एकेकटं उरलेलं झाड म्हणजे वंश संपल्यातच जमा. आगरातला, तुमच्या गावच्या तिघांत नर किती, मादी किती हे आधी बघा.

(मी वनस्पतीशास्त्र शिकवते, म्हणून थोडं लांबण लावते.) हे झाड पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून आणलं असं दीवपासून वसईपर्यंत सगळीकडे सांगतात. आफ्रिकेत, ईजिप्तमध्ये याचा सख्खा भाऊ आहे, दूम नावाचा. त्याची फळं प्राचीन ईजिप्शियन राजांच्या थडग्यांतसुद्धा ठेवलेली सापडली. दोघे दिसायला जवळचे, त्यामुळे ही समजूत पसरली असणार. पण आपला रावणताड वेगळी जात मानली जाते. १८३९ साली ग्रॅहॅमने मुंबई परिसरातल्या वनस्पतींची यादी छापली, तिच्यात हा ताडाच्या गणात, दुभंगणारा ताड या अर्थाच्या नावाने नोंदलेला आहे (आजचं डायकोटोमा त्यावरूनच). पुढे बेक्कारी या इटालियन ताडतज्ज्ञाने त्याला हायफीनी गणात इंडिका हे नाव दिलं. म्हणजे निदान पावणेदोनशे वर्षं तो इथला म्हणून कागदावर आहे. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण 'परदेशी आहे' म्हटलं की तोडताना हात कचरत नाही.

रानवारा | १२ जून २०२३

माझा अनुभव वाईट आहे, सांगतो म्हणजे इतरांचे पैसे वाचतील. दोन वर्षांपूर्वी एका रोपवाटिकेतून रावणताड म्हणून चार रोपं घेतली, प्रत्येकी बाराशे रुपये. वाढली झकास. पण पानं निळसर चंदेरी, एकेक छत्रीएवढं. गेल्या महिन्यात एका जाणकाराने सांगितलं की हा बिस्मार्क पाम, मादागास्करचा. झाड देखणं आहे, त्याच्याशी माझं वैर नाही. पण मी आपल्या किनाऱ्याचं झाड परत आणतोय या भावनेने दोन वर्षं पाणी घातलं होतं.

आगरातला | १२ जून २०२३

रानवारा, वाईट वाटलं. ओळख अशी: पानाच्या देठावर हात फिरवून बघा (जपून). रावणताडाच्या देठाच्या दोन्ही कडांना काळे, जाड, शेंड्याकडे वळलेले काटे असतात, मांजराच्या नखासारखे. सदरा अडकला तर फाटल्याशिवाय सुटत नाही. ताडाच्या देठाला करवतीसारखे बारीक वेडेवाकडे दाते असतात. बिस्मार्कचा देठ पांढुरका आणि बराच गुळगुळीत. पानही बघा: ताडाचं पान मोठं आणि ताठ, रावणताडाचं त्याहून लहान, करडं, आणि मधली शीर थोडी खाली वाकलेली.

ठाण्याची_गच्ची | १२ जून २०२३

गच्चीवर मोठ्या ड्रममध्ये येईल का?

शेवाळ | १२ जून २०२३

नका लावू. याची वाढ आधी खाली होते, मग वर. आगरातला यांची रोपं का मेली त्याचं उत्तरही तेच आहे असं मला वाटतं.

नारळ रुजताना कोंब नारळाच्या डोळ्याशीच वर येतो, म्हणून नारळाचं रोप उचलून कुठेही लावता येतं. ताड आणि रावणताड तसे रुजत नाहीत. त्यांच्या बीतून एक जाड पांढरा देठ निघतो आणि तो सरळ जमिनीत खाली जातो, हात-दीड हात. रोपाचा खरा अंकुर त्या देठाच्या टोकाशी असतो. तिथे खोल पोचल्यावर मुळं फुटतात आणि मग पहिलं पातं मातीतून वर यायला निघतं. वर काही दिसायच्या आत झाडाने आपलं बूड खाली ठेवलेलं असतं. रेताड, कोरड्या किनाऱ्यावर जगायची ही तऱ्हा. पिशवी एक वीत खोल. देठ तळाला टेकतो, वळतो, पिशवी फाडून जमिनीत जातो, आणि आपण पिशवी उचलली की अंकुरच तुटतो.

म्हणून बी कायमच्या जागीच लावा. अगदीच नाइलाज असेल तर चार-पाच इंची पीव्हीसी पाइपाचे तीन फूट लांबीचे तुकडे उभे करून, रेती-माती भरून त्यात बी घाला. लावताना पाइप उभा चिरून सोडवायचा.

आगरातला | १३ जून २०२३

शेवाळताई, तुमचे उपकार कसे फेडू. दुसऱ्या वेळचं रोप उचलताना खालून काहीतरी 'कट्' वाजलं होतं. मी समजलो मूळ असेल.

गावात एक नर, दोन माद्या. काल संध्याकाळी मादीखालून १४ फळं उचलली. केळशीच्या ताई, चार तुमच्यासाठी बाजूला ठेवली आहेत, पत्ता वैयक्तिक निरोपात कळवा.

सुपारीबाग | १४ जून २०२३

एक शंका. सहा-सात डोकी असलेलं झाड वाऱ्याला जास्त धरेल ना? आम्ही वाऱ्याच्या भीतीने माडाच्या हिरव्या झावळ्यासुद्धा उतरवून टाकतो. इथे तर फांद्याच फांद्या.

आगरातला | १४ जून २०२३

मीही यावर बराच विचार केलाय. मला दिसलं ते सांगतो.

आमचे जे माड पडले ते दोन प्रकारे पडले. पाट-पाणी भरपूर असलेल्या आळ्यातले मुळासकट उलथले, कारण मुळं वरच्यावर राहिली होती. आणि उंच, नारळांनी लगडलेले शेंड्याखाली पिळवटून मोडले. माडाला एकच शेंडा. तो गेला की झाड संपलं, खोड कितीही धडधाकट असो. रावणताडाची पानं लहान, वाऱ्यात पंखा मिटल्यासारखी मागे झुकतात. फळांचं ओझं माडाच्या मानाने काहीच नाही. खोड सावकाश वाढलेलं, म्हणून घट्ट. पडलेली फांदी कापायला दोन माणसांना अर्धा दिवस लागला आणि कोयत्याची धार गेली. आणि फांदी मोडली तरी बाकीच्या डोक्यांवर झाड जगतं. मोडलेल्या जागी आता काळा खड्डा आहे, पण शेजारच्या फांदीला गेल्या वर्षी फळं धरली.

हे एका झाडावरून सांगतोय. यावरून 'रावणताड पडतच नाही' असं कुणी समजू नये.

अटलांटिककाठ | १५ जून २०२३

मी दक्षिण फ्लोरिडात राहतो, मूळचा मालवणचा. सुपारीबाग, हिरव्या झावळ्या उतरवू नका. इथे चक्रीवादळाच्या आधी पाम छाटून शेंड्याचा झाडू करून ठेवायची पद्धत होती. फ्लोरिडा विद्यापीठाच्या लोकांनी वादळांमागून वादळं पडझड मोजली आणि आता ते स्पष्ट सांगतात की असं छाटू नका. खालची पानं वरच्या कोवळ्या पानांना आधार देतात. ती काढली की कोवळी पानं वाऱ्यात एकटी पडतात, झाडाचं अन्नही कमी होतं. सुकलेल्या झावळ्या आणि नारळाच्या पेंडी उतरवा, हिरवं ठेवा.

दुसरी गोष्ट रावणताडासारखीच आहे. इथे बक्कनीर पाम नावाचा एक दुर्मिळ पाम आहे, खोड मधे फुगलेलं, फळं लालभडक. १८८६ मध्ये सार्जंट नावाच्या वनस्पतीतज्ज्ञाला तो एलियट की या बेटावर सापडला, त्याच्यावरूनच जातीचं नाव सार्जेंटाय. वारा, खार, दुष्काळ सगळं सोसतो. १९९२ च्या अँड्र्यू वादळाचा तडाखा त्या बेटालाही बसला, तरी तो तिथे टिकून आहे. पण त्याआधी माणसांनीच त्याला जवळजवळ संपवला होता, बागेत लावायला म्हणून जंगलातून खणून नेऊन. आज इथल्या बागांत तो पुष्कळ दिसतो आणि मूळ बेटावर अगदी मोजका. त्यामुळे हात जोडून विनंती: रावणताडाचं आपसूक उगवलेलं रोप दिसलं तर खणू नका. बी घ्या, तेही सगळं नको.

शेवाळ | १५ जून २०२३

+१. आणि खणलेलं रोप जगणारही नाही, कारण वर लिहिलंच आहे.

सागरिका_दीव | १८ जून २०२३

आम्ही नवऱ्याच्या नोकरीनिमित्त सहा वर्षं दीवला होतो. तिथे याला होका म्हणतात आणि तो तिथला मानाचा मानकरी आहे. नागव्याच्या किनाऱ्याकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी होकेच होके. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मुलगी म्हणाली, "आई, ही झाडं हात वर करून उभी आहेत."

१७ मे २०२१ च्या रात्री तौक्ते वादळ दीव-उन्याच्या पट्ट्यातच किनाऱ्यावर चढलं. आम्ही रात्रभर दाराला कपाट लावून बसलो होतो. सकाळी आमच्या गल्लीत आंबा, गुलमोहर, विजेचे खांब सगळं आडवं. घरासमोरच्या दोन होक्यांपैकी एकाचा अर्धा भाग बेचक्यातून फाटून लोंबत होता, दुसरा झोडपलेला पण उभा. दोघेही जगले. फाटलेल्याने वर्षभर एकही नवीन पान काढलं नाही, आम्ही आशा सोडली होती. निघताना बघितलं तर उरलेल्या शेंड्यातून सुईसारखं पान वर आलेलं.

एक सावधगिरी: दीवला पाऊस कोकणाच्या मानाने अगदी कमी. तिथे होक्याखाली पाणी साचतच नाही. तुमच्याकडे बीच्या खड्ड्यात पाणी तुंबलं तर बी कुजेल.

आगरातला | १९ जून २०२३

हे फार उपयोगी, ताई. मी उंचवटे करून लावतोय. पद्धत लिहून ठेवतो, कुणाला चुकीचं वाटलं तर लगेच थांबवा.

फळं चार दिवस पाण्यात, पाणी रोज बदललं. वरचा गर सुरीने आणि नंतर काथ्याने घासून काढला. फार वेळ लागतो, पण गर राहिला की मुंग्या लागतात. पुळणीच्या कडेला भरतीच्या रेषेपासून साधारण पन्नास पावलं आत, केवड्याच्या रांगेच्या मागे, गुडघ्याच्या निम्म्याइतके रेतीचे उंचवटे. खाली पहारीने दोन हात खोल जमीन भुसभुशीत केली, दगड काढले. बी आडवी, निम्मी रेतीत, वर माडाचा सोडण (नारळाची वरची काथ्याची साल) पसरला. शेणखत घातलं नाही, कारण त्यात गेंड्या भुंग्याच्या अळ्या होतात आणि आमच्या उरलेल्या माडांना वादळापासून त्याचा त्रास आहे. दहा बिया, दहा खुंट्या. दोन झाडांत बारा हात अंतर.

सुपारीबाग | १९ जून २०२३

गेंड्यासाठी उकिरड्यात मेटारायझियम बुरशी मिसळा, अळ्या मरतात. आणि माडाच्या वरच्या दोन-तीन पानांच्या बेचक्यात निंबोळी पेंड आणि रेती समसमान. झाडं जखमी असताना सोंड्या भुंगाही येतो, खोडातून तांबडा रस गळतोय का यावर लक्ष ठेवा.

आगरातला | २ मार्च २०२४

धागा वर काढतोय. नऊ महिने होत आले आणि दहा खुंट्यांपाशी नुसती रेती. गावात लोक विचारतात काय पेरलंय. काल धीर सुटला आणि एक बी उकरली.

बी वरून जशीच्या तशी, काळी पडलेली. पण एका टोकातून करंगळीएवढा जाड, पांढरा देठ सरळ खाली गेलेला. मी हाताने रेती काढत गेलो. कोपर आत गेलं तरी देठ संपेना. एक हात चार बोटं खोलीवर तो जरा फुगीर झाला होता, त्याला मिशीसारखी मुळं, आणि फुगीर भागाच्या कडेला एक चीर पडून तिच्यातून पात्याचं टोक वर बघत होतं, हिरवं नाही, फिकट पिवळं. मी तसाच पालथा पडून बघत राहिलो. मग रेती हळूहळू परत लोटली, झारीने पाणी दिलं.

उकरायला नको होतं, कळतंय.

शेवाळ | २ मार्च २०२४

आता नऊ बियांना हात लावू नका. मी हे इतकी वर्षं फळ्यावर काढून शिकवते, प्रत्यक्ष असं कधी पाहिलेलं नाही. मापासकट लिहिलंत, आभारी आहे.

आगरातला | २१ एप्रिल २०२४

खुंटी क्रमांक ४ : पातं! घडी घातलेल्या पट्टीसारखं, टिचभर. अजून पंखा वगैरे काही नाही, गवत समजून कुणी उपटेल असं. चारी बाजूंनी करवंदीच्या काट्या लावल्या.

बापू_दर्यावर्दी | २१ एप्रिल २०२४

बाळंतविडा पाठवतो रे!

आगरातला | ९ सप्टेंबर २०२४

पावसाळा संपत आला, हिशोब देतो. दहापैकी पाच वर आली. उकरलेली मेली. एक रानडुकराने नेली. तीन अजून जमिनीत, त्यांना पुढच्या उन्हाळ्यापर्यंत हात लावणार नाही. वर आलेल्यांना खाऱ्या वाऱ्याने काही केलेलं नाही, शेजारच्या नारळाच्या रोपाची टोकं मात्र तपकिरी झाली आहेत.

रानवारा | १० सप्टेंबर २०२४

बिस्मार्क राहू दिलेत, पण समोरची दोन हात जागा मोकळी केली आहे. पुढच्या वेळी दोन बिया माझ्या नावाने ठेवा. दोन का, तर एक नर निघाला तर.

शेवाळ | १० सप्टेंबर २०२४

दोनही नर निघू शकतात. निदान पाच-सहा लावा, आणि फुलोरा येईपर्यंत कळायचा मार्ग नाही. तोवर बरीच वर्षं जातील.

केळशीची_मुलगी | ३० मार्च २०२५

आज गुढी उभारून झाल्यावर बाबा दर्याकडच्या कोपऱ्यात गेले होते. त्यांनी हाक मारली म्हणून मी धावले. चारपैकी ज्या खुंटीवर आम्ही आशा सोडली होती, तिच्याजवळ पातं आलंय, बोटभर. बाबा ७१ वर्षांचे आहेत. त्यांनी आधी पहार आणून शेजारी अजून दोन जागा भुसभुशीत केल्या आणि मग म्हणाले, "त्या अलिबागच्या दादांना विचार, आणखी बी आहे का."

आगरातला | ३० मार्च २०२५

आहे. बाबांना नमस्कार सांगा. या आठवड्यात सहा पाठवतो, गर काढूनच.